एकट्याने ९० सेकंदांची ॲनिमेशन शॉर्टफिल्म कशी करायची: गॅसवाला, चार मजले आणि बंद लिफ्ट

बहुतेकांची पहिली ॲनिमेशन फिल्म हिरोच्या केसांपाशीच मरते. म्हणजे ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर डाउनलोड होतं, यूट्यूबवर ट्युटोरियल लागतं, हिरो मॉडेल व्हायला लागतो, मग त्याचे केस, मग केसांचं शेडिंग, मग भुवया, मग शर्टाच्या चुण्या, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत हिरोने साधी मानसुद्धा हलवलेली नसते. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय, आधी गोष्ट, मग आवाज, मग ॲनिमॅटिक (चित्रांची कच्ची फिल्म), आणि कॅरॅक्टर बनवायला त्यानंतरच बसायचं. ज्यांना नुसतं मॉडेलिंगच आवडतं त्यांनी खुशाल मॉडेलिंग करावं, त्यात वाईट काही नाही, पण मग फिल्म बनवतोय असं लोकांना सांगत फिरू नये.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. एक सिलेंडरवाला. चौथ्या मजल्यावर भरलेला सिलेंडर पोचवायचाय आणि लिफ्टला सुतळीने पाटी लटकवलीये, लिफ्ट बंद आहे. चढतो. वर पोचतो, बेल वाजवतो, मग दिसतं की दाराला कुलूप आहे. परत खांद्यावर घेऊन उतरायला लागतो आणि दुसऱ्या मजल्यावर पोचतो तेवढ्यात लिफ्टचा दिवा लागतो आणि लिफ्ट त्याच्या समोरून रिकामी वर निघून जाते. बास, एवढीच गोष्ट.

ही गोष्ट का चालते ते बघा. माणूस एक, वस्तू एक, डायलॉग जवळजवळ नाहीच, आणि सेट तर एकच जिना. चार मजले म्हणजे चार सेट बनवायचे नाहीत, एक लँडिंग मॉडेल करायचं आणि तेच चार वेळा वापरायचं, फक्त भिंतीवरचा मजल्याचा आकडा बदला, दारावरची नावाची पाटी बदला, एका दाराला आंब्याच्या पानांचं सुकलेलं तोरण, एकापाशी चपलांचा स्टँड, एकापाशी दुधाच्या पिशवीसाठी अडकवलेली कापडी थैली. बघणाऱ्याला चार घरं दिसतात, तुम्हाला काम एकाच घराचं.

आता काय टाळायचं ते आत्ताच ठरवा, कारण स्क्रिप्टमध्ये एका ओळीत लिहिलेली गोष्ट पुढे महिनाभर खाते. ‘पाऊस पडतोय’ हे लिहायला काही लागत नाही, करायला लागतं. साडीचा पदर, मोकळे केस, गर्दी, वाहतं पाणी, दोन माणसांची मिठी, पहिल्या फिल्ममध्ये यातलं काहीच नको. सिलेंडरवाल्याला टोपी घाला, केसांचा प्रश्न मिटला. शर्ट इन केलेला ठेवा, कापडाच्या सिम्युलेशनचा प्रश्न मिटला.

ॲनिमॅटिक, म्हणजे खरी फिल्म

ॲनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासकट टाइमलाइनवर ठेवलेली, प्रत्येक चित्र जेवढा वेळ शॉट चालणार तेवढा वेळ. चित्रं काड्यामाणसांची चालतील, वहीच्या पानावर काढून मोबाइलने फोटो मारले तरी चालतील. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो मात्र पहिल्याच दिवशी २४ लावा आणि नंतर त्याला हात लावू नका, नंतर बदललात की सगळं टायमिंग सरकतं आणि तोंडाच्या हालचाली आवाजाला जुळत नाहीत.

९० सेकंद गुणिले २४ म्हणजे २१६० फ्रेम्स. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. ॲनिमॅटिकमध्ये एक सेकंद कापायला माउसची एक क्लिक लागते, ॲनिमेशन झाल्यावर तोच सेकंद कापताना पोटात खड्डा पडतो कारण त्यामागे तुमची अख्खी संध्याकाळ गेलेली असते. म्हणून कापाकापी सगळी इथेच करायची.

चार मजले चढणं चार वेळा दाखवलंत तर लोक तिसऱ्या मजल्याला स्क्रोल करून पुढे जातील. पहिला मजला पूर्ण दाखवा, पायापासून डोक्यापर्यंत, वजन कळू दे. दुसरा अर्धाच. तिसऱ्या मजल्याला माणूस दिसायलाच नको, नुसती भिंतीवरची सावली आणि चपलांचा आवाज. चौथ्याला फक्त कठडा धरलेला हात, आणि तो हात जरा थांबतो, मग परत ओढतो. बघणाऱ्याला दमल्यासारखं होतं आणि तुमचं काम निम्म्यावर येतं, हे दोन्ही एकाच वेळी होतंय हे लक्षात घ्या, कमी माणसांत फिल्म करायची खुबी सगळी इथे आहे.

मग कुलूप. यात क्रम महत्त्वाचा. त्याला कुलूप आधी दिसलं आणि मग तो हताश झाला, तर ती नुसती माहिती झाली. त्याऐवजी तो दमून मान खाली घालून बेल वाजवतो, कॅमेऱ्यात कडीला लटकलेलं कुलूप आपल्याला आधीच दिसतंय, त्याला नाही, तो बाहीने घाम पुसतो, दुसऱ्यांदा बेल वाजवतो आणि मग मान वर करतो. इथे हसू येतं. कुलूप लाँग शॉटमध्ये दिसणार नाही, त्यामुळे शॉट मिड, म्हणजे कमरेपासून वरचा, ठेवा आणि कुलूप पितळी, उजेडात चमकणारं.

ॲनिमॅटिक तयार झालं की अशा माणसाला दाखवा ज्याला ॲनिमेशनमधलं काही कळत नाही, आई, शेजारचा पोरगा, कोणीही. दाखवताना तोंड बंद ठेवायचं. नंतर एवढंच विचारायचं, काय झालं सांग. ‘छान आहे’ या उत्तराचा काही उपयोग नाही. ‘तो परत का चालला?’ असं विचारलं तर कुलूप दिसलेलं नाही, शॉट बदला. तीन वेगवेगळ्या लोकांनी न सांगता गोष्ट बरोबर सांगितली की मगच पुढे जायचं.

आवाज आधी

आवाज शेवटी लावायची गोष्ट नाही. या फिल्ममध्ये तर अर्धी गोष्ट आवाजच सांगतो. खऱ्या जिन्यात जाऊन मोबाइलवर चपलांचा आवाज रेकॉर्ड करा, जिन्याचा घुमारा खोलीत मिळत नाही. दुपारी दोन-तीनची वेळ बरी, सोसायटी झोपलेली असते. भरलेला सिलेंडर जमिनीवर ठेवला तर ‘धप्प’ असा बसका आवाज येतो, रिकामा ‘टण्ण’ करतो. आपल्याकडे प्रत्येक घरात हा फरक कानाला माहिती आहे, रिकाम्याचा आवाज वापरलात तर कोणाला कारण सांगता येणार नाही पण वजन खोटं वाटेल.

बंद दाराआडून कुकरची शिट्टी, कुठून तरी टीव्ही, असे थर टाका. फक्त टीव्हीवरच्या खऱ्या सिरियलचं टायटल साँग रेकॉर्ड करून घालू नका, अपलोड केल्यावर कॉपीराइट क्लेम येतो. त्यापेक्षा घरातल्या दोघांना भांडायला लावा आणि दार बंद करून बाहेरून रेकॉर्ड करा, शब्द कळत नाहीत पण सिरियलच वाटते. माणसाचा स्वतःचा आवाज, धापा, ‘हुश्श’ वगैरे, कपड्यांनी भरलेल्या कपाटात तोंड घालून किंवा गोधडी डोक्यावर घेऊन रेकॉर्ड करा. एडिटला ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरतं.

सॉफ्टवेअर

यावर लोक तासन्‌तास भांडतात म्हणून थोडक्यात. ब्लेंडर. फुकट आहे, २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून त्याचा सोर्स कोड मोकळा करून घेतला तेव्हापासून कायमचं फुकट आहे, आणि मॉडेलिंगपासून एडिटिंगपर्यंत सगळं त्यात होतं. टूडी करायचं असेल तरी त्यातलं ग्रीस पेन्सिल आहे, नाहीतर क्रिटा किंवा ओपनटून्झ. अधिकृत किमान रॅम ८ जीबी सांगतात, साध्या जिन्याला आणि एका माणसाला तेवढ्यात भागतं, दम लागेल पण भागतं.

कॉम्प्युटरच नसेल तर मोबाइल आणि कणीक घेऊन स्टॉप मोशन करा, म्हणजे कणकेचा माणूस थोडा थोडा हलवत एकेक फोटो, त्यात कमीपणा काहीच नाही. दादासाहेब फाळक्यांनी भांडवल उभं करायला जी छोटी फिल्म दाखवली ती कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची होती, रोज थोड्या थोड्या फ्रेम घेऊन वाढ टिपलेली. १९१२ साली हे चाललं, तुमच्याकडे तर फोन आहे.

माणूस

आता कुठे कॅरॅक्टर. डोकं मोठं, हात मोठे, पाय काटकुळे. वास्तववादी माणसाच्या नादी लागू नका, खरा दिसणारा माणूस जरा जरी चुकीचा हलला तरी भुतासारखा वाटतो, कार्टूनला लोक माफ करतात. आकार असा ठेवा की नुसती काळी सावली बघितली तरी हा सिलेंडरवाला आहे हे कळलं पाहिजे.

रिगसाठी, म्हणजे कॅरॅक्टर हलवायच्या सांगाड्यासाठी, ब्लेंडरमधलंच रिगिफाय ॲड-ऑन चालू करा, हाडं माणसाच्या मापाला बसवा, जनरेट दाबा, कंट्रोल्स तयार. पायांना आयके (पाऊल हलवलं की गुडघा आपोआप वाकतो ती सोय) ठेवा म्हणजे पाऊल जिथे टेकवलं तिथेच राहतं, जिन्यावर हे लागणारच. वेट पेंटिंगमध्ये, म्हणजे कुठलं हाड शरीराचा कुठला भाग किती ओढेल हे ठरवताना, खांदा आणि मांडीचा सांधा यावरच वेळ घालवा कारण या फिल्ममध्ये वाकणार तेच आहेत. रिगिंग अजिबातच आवडत नसेल तर ब्लेंडर स्टुडिओच्या साइटवर तयार रिग्स मोफत मिळतात, लायसन्स वाचून घ्या आणि क्रेडिट द्या. मिक्सामो या साइटवरचं तयार चालणं मात्र लावू नका. ते चालणं कोणाचंच नसतं, आणि इथे तर फिल्मच एका माणसाच्या चालीवर उभी आहे.

वजन, म्हणजे सगळा खेळ

घरगुती सिलेंडरमध्ये गॅस १४.२ किलो, लोखंड धरून सगळा मिळून तीसेक किलो. तुमच्या कॅरॅक्टरच्या खांद्यावरचा सिलेंडर कॉम्प्युटरला शून्य किलो आहे. ते तीस किलो तुम्ही पोझमधून दाखवायचे.

आधी रेफरन्स शूट करा. खरा सिलेंडर उचलायच्या भानगडीत पडू नका, पाण्याचा २० लिटरचा जार घ्या, भरलेला. रिकामा जार घेऊन ‘ॲक्टिंग’ केलीत तर हमखास खोटी येते, माणूस ओझं दाखवायला नुसता कमरेत वाकतो, खरं ओझं असलं की मान, कंबर, गुडघे सगळंच बदलतं. फोनचा व्हिडिओ बहुतेक वेळा व्हेरिएबल (कमीजास्त होणाऱ्या) फ्रेम रेटचा असतो, तो हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट २४ करून मगच ब्लेंडरमध्ये घ्या, नाहीतर फ्रेम मोजताना वेडे व्हाल.

रेफरन्समध्ये बघायचं काय तर ओझं उजव्या खांद्यावर असेल तर धड डावीकडे कलतं, डोकं डावीकडे ढकललं जातं, डावा हात आपोआप कठडा शोधतो. पायरी चढताना साधा माणूस पाय ठेवतो आणि वर जातो. ओझेवाला पाय ठेवतो, मग धड पुढे झुकवून सगळं वजन त्या पायावर आणतो, एक क्षण काहीच होत नाही, आणि मग गुडघा सरळ होतो. तो ‘काहीच होत नाही’ वाला क्षण हेच वजन आहे. आकड्यात सांगायचं तर साधं चालणं पावलाला साधारण १२ फ्रेम्स, इथे २४ पासून सुरू करा, ६ फ्रेम्स पाय ठेवायला, ५ वजन सरकायला, बाकीच्या वर उठायला आणि त्याही शेवटी शेवटी मंद होत जाणाऱ्या. वर जाईल तसतसे एका पायरीवर दोन्ही पाय यायला लागले पाहिजेत. उतरताना उलटं, तिथे ताकद नाही, ब्रेक लागतात, पाऊल पटकन आणि जड पडतं आणि गुडघा ते झेलतो.

लँडिंगवर सिलेंडर ठेवताना तो सपाट खाली येत नाही. आधी खालची कड टेकते, सिलेंडर तिरका असतो, मग सरळ होऊन धप्प. आणि ओझं उतरल्यावर माणूस लगेच ताठ होत नाही, खांदा अजून तसाच वाकडा असतो, सेकंदभराने सरळ होतो. एवढ्या एका गोष्टीने लोक म्हणतात की ॲनिमेशन जिवंत आहे.

काम करताना आधी ब्लॉकिंग, म्हणजे नुसत्या मुख्य पोझ. इंटरपोलेशन (दोन पोझमधलं कॉम्प्युटरने कसं भरायचं ते) कॉन्स्टंट ठेवा म्हणजे माणूस एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये टुणकन उडी मारेल, मधलं काही नाही. या टप्प्यावर नुसत्या पोझ बघून गोष्ट कळली पाहिजे. मग मधल्या पोझ भरत जा, चार-चार फ्रेम्सवर पूर्ण शरीराची की (नोंदवलेली पोझ) येईपर्यंत, आणि तेव्हाच इंटरपोलेशन बेझिए करा, म्हणजे मधली हालचाल कॉम्प्युटर गुळगुळीत भरतो. आठ-दहा पोझ ठेवून बेझिए केलं की कॅरॅक्टर पाण्याखाली तरंगल्यासारखं हलायला लागतं आणि लोकांना वाटतं आपल्याला ॲनिमेशनच जमत नाही, तर तसं नसतं, मधल्या पोझ कॉम्प्युटरने ठरवल्यात एवढंच. ग्राफ एडिटरमध्ये (हालचालीच्या वक्ररेषा दिसतात तिथे) सगळ्यात आधी कमरेची वर-खाली हालचाल नीट करा, कंबर बरोबर असली की निम्मं शरीर बरोबर होतं.

सिलेंडर जमिनीवरून खांद्यावर जाणं हा तांत्रिक कटकटीचा शॉट. सिलेंडरला चाइल्ड ऑफ कंस्ट्रेंट लावा, म्हणजे तो टार्गेटबरोबर हलतो, टार्गेट छातीचं हाड, जमिनीवर असताना इन्फ्लुएन्स ०, खांद्यावर बसला की १, आणि बदल एकाच फ्रेमवर. सेट इन्व्हर्स दाबायला विसरलात तर सिलेंडर भलतीकडेच उडून जातो. हाताचे आयके कंट्रोल्स सिलेंडरला बांधा, उलटं नको, नाहीतर बोटं पत्र्यावरून घसरत राहतात. आणि हे सगळं करूनही जमलं नाही तर सरळ कट मारा, खाली वाकतो, कट, पाठीमागून शॉट, खांद्यावर आहे. कोणालाही कळत नाही.

चेहरा

या फिल्ममध्ये एकच हाक आहे, दारात ‘सिलेंडर!’ अशी. लिप-सिंक करताना प्रत्येक अक्षराला तोंड हलवलंत की माणूस चणे खातोय असं दिसतं. जबडा फक्त जोर असलेल्या स्वराला उघडा. मराठीसाठी चार-पाच तोंडं पुरतात, आ, ई-ए, ओ-ऊ, ओठ बंद, आणि दात जवळ. प, ब, भ, म ला ओठ बंद झालेच पाहिजेत, आणि आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी. ळ आणि ण साठी जीभ मॉडेल करत बसू नका, दिसत नाही. लांब डायलॉग असेल तर ऱ्हुबार्ब नावाचं फुकट टूल आवाज ऐकून तोंडं सुचवतं, त्यात फोनेटिक मोड निवडा, नेहमीचा मोड इंग्रजी धरून चालतो.

डोळे मात्र सोडू नका. मान वळायच्या आधी डोळे वळतात, मोठ्या वळणाला मध्ये पापणी लवते. लिफ्ट वर जाताना त्याने काय करायचं? काहीच नाही. नुसते डोळे लिफ्टबरोबर वर जातात, मान खांद्यावरच्या सिलेंडरमुळे वळतच नाही. हातवारे करून वैताग दाखवलात तर जोक गेला.

लाइट आणि रेंडर

जिन्याच्या जाळीतून येणारं एक ऊन आणि भिंतीवरून परतणारा मंद उजेड, पुरे. रेंडर म्हणजे कॉम्प्युटरने प्रत्येक फ्रेमचं पक्कं चित्र काढणं, आणि ब्लेंडरमध्ये त्यासाठी सायकल्स (सावकाश) आणि ईव्ही (झटपट) अशी इंजिनं आहेत. हिशोब करा. सायकल्समध्ये फ्रेमला २ मिनिटं लागली तर २१६० फ्रेम्सना ४३२० मिनिटं, म्हणजे ७२ तास, तीन दिवस मशीन बंद करायचं नाही. ईव्हीमध्ये फ्रेमला ८ सेकंद धरले तर पाच तासांच्या आत. माझं मत विचाराल तर ईव्हीच. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसची ‘फ्लो’ ब्लेंडरमध्ये बनली, ईव्हीमध्ये रेंडर झाली आणि २०२५ मध्ये तिला ऑस्कर मिळालं, आणि तिच्यातही डायलॉग नाहीत. त्यांच्याकडे टीम होती, पैसे होते, ते सगळं मान्य, पण ईव्हीने फिल्म स्वस्त दिसते हे कारण आता चालत नाही.

थेट एमपी४ मध्ये कधीच रेंडर करू नका. पीएनजी इमेज सिक्वेन्स काढा. एमपी४ चालू असताना लाइट गेली की अख्खी फाइल गेली, पीएनजीमध्ये फार तर एक फ्रेम जाते. आउटपुटमध्ये ओव्हरराइट काढून टाका, मग परत चालू केल्यावर झालेल्या फ्रेम्स सोडून पुढून सुरू होतं. प्लेसहोल्डर्स चालू केलंत तर दोन कॉम्प्युटर एकाच फोल्डरमध्ये वाटून रेंडर करतात, मित्राचा लॅपटॉप रात्रीपुरता मागून आणा. फक्त मध्येच बंद पडलं तर शून्य केबीची फाइल मागे राहते, ती शोधून डिलीट करा, नाहीतर ती फ्रेम झालीच समजून मशीन पुढे जातं आणि फिल्ममध्ये मधेच काळा झटका येतो.

शेवटचं

एडिट ब्लेंडरमध्येच किंवा दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमध्ये. कलर करण्यात रात्री जागवू नका. थिएटरमध्ये दाखवायची वेळ आली तर डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणारं डिजिटल पॅकेज) मागतात, ते डीसीपी-ओ-मॅटिकने घरीच फुकट होतं, आणि २४ फ्रेम्सचा हट्ट तिथे कामी येतो.

पाठवायला पहिलं नाव मिफ, मुंबईचा डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि ॲनिमेशन फिल्म्सचा महोत्सव, १९९० पासून आहे, दर दोन वर्षांनी होतो. फ्रान्सचा आनेसी ॲनिमेशनचाच, १९६० पासूनचा. बाकीचे बरेच फिल्मफ्रीवे या महोत्सवांना फिल्म पाठवायच्या साइटवर सापडतात, पण तिथे दिसेल त्याला फी भरत सुटू नका, नाव भपकेबाज, वर्षभर दर महिन्याला बक्षीस आणि फी घसघशीत असं दिसलं की पुढे चला. काही महोत्सवांना आधीच ऑनलाइन टाकलेली फिल्म चालत नाही, म्हणून यूट्यूबवर टाकायच्या आधी नियम वाचा. ‘सिलेंडर!’ या एका हाकेला इंग्रजी सबटायटल लागेल, ते करून ठेवा.

आणि क्रेडिट्स. इंटरनेटवरून घेतलेले आवाज सीसी झीरो (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स) असतील तर नाव देणं बंधनकारक नाही, सीसी बाय असेल तर द्यावंच लागतं, आणि एनसी (नॉन-कमर्शियल) असेल तर पैसे मिळवायच्या फिल्ममध्ये वापरता येत नाही. डाउनलोड करतानाच वहीत लिहून ठेवा कुठला आवाज कुठून घेतला, नंतर सापडत नाही. कपाट देणाऱ्याचं, भांडून दाखवणाऱ्यांचं, लॅपटॉपवाल्या मित्राचं नाव घाला, पण ९० सेकंदांच्या फिल्मला क्रेडिट्स १० सेकंदांच्या वर नकोत.